गोठ्यातली हेराल्ड

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात सीझनला सकाळी सकाळी गेलात, तर ढिगाऱ्यांमधून एक बारीकसा आवाज सारखा येत असतो. कट्. व्यापारी ढिगासमोर वाकतो, मूठभर हळद उचलतो, त्यातली एक कांडी दोन्ही अंगठ्यांत धरून मोडतो, तुटलेलं तोंड उजेडाकडे करतो आणि मग बोली बोलतो. बाहेरून सगळेच ढीग पिवळेधमक. शिजवून, वाळवून हळद पॉलिशच्या ड्रममध्ये फिरवली की उजवी-डावी सगळी सारखीच दिसते. आतली नारिंगी झाक, ओल किंवा पोकळी, जे काय असेल ते कांडी मोडल्यावरच कळतं.

जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसानं आधी एक सकाळ या यार्डात घालवावी, असं माझं मत आहे. गाड्यांनाही असा एक ड्रम असतो. त्याला डेंटिंग-पेंटिंग म्हणतात.

आता हिंगोली जिल्ह्यात राहून जुनी स्पोर्ट्स कार शोधतोय म्हटलं की लोक हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. आमच्याकडं पिकअपची चौकशी होते ती ट्रॉली ओढण्यापुरती. पण देशातच ही चीज दुर्मिळ होती. स्वातंत्र्यानंतर बाहेरच्या गाड्यांवर बंधनं आली आणि मोटारींची तीन घराणी तेवढी उरली: कलकत्त्याकडं हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर, मुंबईत कुर्ल्याला प्रीमिअरची फियाट आणि मद्रासला स्टँडर्डची हेराल्ड. जिथं साध्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं, तिथं दोन सीटची, उघड्या टपाची गाडी कोण बनवणार? नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची एक बनली, फायबरच्या बॉडीची, रेनोचं इंजिन असलेली. पण ती रस्त्यावर दिसणं म्हणजे नशीब. त्यामुळं आपल्याकडच्या माणसानं स्पोर्ट्स कारच्या जवळात जवळ जायचं तर हेराल्ड.

हे उगाच म्हणत नाही. इंग्लंडमध्ये ट्रायम्फ कंपनीनं हेराल्ड १९५९ साली आणली. तिचा आराखडा इटलीतल्या तुरीनच्या जोव्हानी मिकेलॉट्टीचा. मग १९६२ मध्ये याच चेसिसची पुढच्या-मागच्या चाकांमधली लांबी ९१.५ इंचांवरून ८३ इंचांवर आणून तिच्यावर मिकेलॉट्टीचीच दोन सीटची बॉडी चढवली, आणि झाली ट्रायम्फ स्पिटफायर. १९८० पर्यंत तीन लाखांवर स्पिटफायर बनल्या. म्हणजे हेराल्ड ही त्या स्पोर्ट्स कारची थोरली बहीण. पुढच्या चाकांची बांधणी, मागचा आडवा कमानपाटा, इंजिनाची जात, सगळं एका घरचं. मद्रासच्या स्टँडर्डनं १९६१ पासून ती इथं काढली, ९४८ सीसीच्या इंजिनावर. इंग्लंडनं पुढं ११४७ आणि मग १२९६ सीसी केलं, आपण शेवटपर्यंत ९४८ वरच भागवलं. १९६८ च्या सुमारास आलेल्या मार्क थ्रीला मात्र खास आपल्यासाठी चार दारं दिली. इंग्लंडात चार दारांची हेराल्ड कधी नव्हतीच. आपल्याकडं गाडी घेतली की आजी, आत्या आणि लोणच्याची बरणी हे सगळं तिच्यात बसवावं लागतं.

मला हवी होती जुनी, दोन दारांची. ती सापडली वसमत तालुक्यातल्या एका गावात, वाड्यामागच्या गोठ्यात. मालकाचे वडील डॉक्टर होते. १९६६ ची गाडी, फिकट निळी. टपावर सोयाबीनचं रिकामं बारदान, मागच्या सीटवर कोंबडीनं केलेली जागा. अकरा वर्षं ती जागची हलली नव्हती.

सोबत आमचे चाचा होते. चाचा हिंगोलीत चाळीस वर्षं जीप आणि फियाट खोलत आलेत. गाडी बघायला जाताना मिस्त्री सोबत न्यावा हे सगळेच सांगतात. पण तो मिस्त्री विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा, आणि गाडीच्या दुरुस्तीचं काम आपल्यालाच मिळणार अशी आशा असलेलाही नसावा, हे कोणी सांगत नाही. चाचांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की गाडी घेतली तरी काम दुसरीकडं जाईल. ते म्हणाले, "मंग खरं बोलायला मोकळा झालो."

चाचांनी गाडीकडं बघितलंच नाही. आधी जमिनीकडं बघितलं. गोठ्यात काळी माती, वर शेणमूत. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उभ्या गाडीला खालून वर्षातले चार-पाच महिने ओल लागत राहते. त्यात गोमूत्राचा अमोनिया. मराठवाड्याची हवा कोरडी, त्यामुळं इथल्या गाड्या कोकणातल्या किंवा मुंबईतल्या गाड्यांसारख्या खाऱ्या वाऱ्यानं सडत नाहीत, हे खरं. पण आमच्या गाड्यांचं सडणं पोटाखालून सुरू होतं. वरचा पत्रा खणखणीत आणि तळ चाळणीसारखा. इथं उन्हानं रबर तडकतं, बोअरच्या जड पाण्यानं रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात, आणि उंदीर वायरिंग खातात. जिथली गाडी तिथला रोग, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मी तपासणी होते.

मग चाचांनी खिशातून स्पीकरमधलं एक जुनं चुंबक काढलं, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून रुमालात गुंडाळलं आणि दाराच्या खालच्या कडेवरून सरकवत नेलं. पत्रा असेल तिथं चुंबक ओढ घेतं. जिथं पत्रा कुजलाय आणि वर लांबी भरून रंग मारलाय तिथं ते ढिलं पडतं, सुटून हातात येतं. डाव्या दाराखाली वीतभर जागेत ते दोनदा सुटलं. चाचा काही बोलले नाहीत, मीही नाही. मी वहीत फक्त एक फुली मारली. मालक बघत होता. आपल्या वडिलांच्या गाडीवर कोणी फुल्या मारतंय हे बघणं सोपं नसतं, म्हणून वही जमेल तेवढी खिशातच ठेवावी हे मी तिथं शिकलो.

हेराल्डची चेसिस वेगळी असते, बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली. तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांनी ही पद्धत सोडली होती. तपासणाऱ्याच्या दृष्टीनं हे वरदान, कारण सगळं उघड्यावर असतं. मधल्या दोन दांड्यांपासून बाजूला जे हात निघतात त्यांच्यावर बॉडीची कडा टेकते, आणि पहिले कुजतात ते हे हात. चाचा पाठीवर झोपले, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेले. ठण, ठण, ठण, थप. "थप" आवाज आला तिथं त्यांनी टोक दाबलं आणि ते अर्धा इंच आत गेलं. मागचे दोन हात गेलेले होते. मधल्या दांड्या मात्र पक्क्या. या फरकावर सगळी किंमत अवलंबून असते. बाजूचे हात कापून नवे वेल्ड करता येतात, चांगला वेल्डर आठवड्यात करून देतो. मधल्या दांड्या गेल्या असत्या तर मी तिथूनच परतलो असतो.

इंजिनाची भीती लोकांना फार असते आणि ती निम्मी खोटी आहे. इंजिन आवाज करतं, धूर सोडतं, म्हणून त्याचा रोग दिसतो. पण इंजिन उतरवता येतं, बोअर करता येतं, पिस्टन-रिंगा घालता येतात, आणि हे काम करणारी माणसं नांदेडला आहेत, परभणीला आहेत, हिंगोलीतही आहेत. गुपचूप बसलेला कुजका पत्रा आणि अर्धवट कागद यांना मात्र सुटा भाग मिळत नाही. फियाटला तरी एक आधार होता. तिचीच काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईत अगदी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती, त्यामुळं सुटे भाग बनत राहिले, चोरबाजारात फिरत राहिले. हेराल्डची टॅक्सी फौज कधीच नव्हती. तिचे बुश, गॅस्केट, रबरी तुकडे आता इंग्लंडातून मागवावे लागतात. तिथं ट्रायम्फवेड्यांचे क्लब आहेत आणि स्पिटफायरमुळं बाजार जिवंत आहे. बर्मिंगहॅमच्या म्हाताऱ्याला जो बुश लागतो तोच वसमतच्या हेराल्डलाही चालतो, याची मला अजूनही गंमत वाटते.

बॉनेट उघडायची रीत बघण्यासारखी. नेहमीसारखं झाकण नाही, मडगार्डांसकट गाडीचा सगळा पुढचा भाग पुढच्या बाजूला पालथा होतो. मगर जबडा वासते तसा. दोन्ही पुढची चाकं, त्यांचे जोड, इंजिन, सगळं अंगणात मांडल्यासारखं समोर. इथं चाचांनी मला पुढच्या चाकाच्या आत खाली बसवलं आणि एक पितळी तुकडा दाखवला. याला ट्रनिअन म्हणतात. चाक डावी-उजवीकडं वळतं तेव्हा एक उभा पोलादी दांडा आपल्या आट्यांवर या पितळेत फिरतो. कंपनीचं सांगणं होतं की यात गिअरऑइलसारखं जाड तेल घालावं. पण गॅरेजमध्ये सगळीकडं ग्रीसगन फिरते, म्हणून इथंही ग्रीसच मारलं जातं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पाणी मात्र पोचतं. पोलाद आतून गंजतं, आणि एका दिवशी वळणावर दांडा तुटतो. चाक आडवं होऊन मडगार्डाखाली झोपतं. जगभरच्या हेराल्ड-स्पिटफायरवाल्यांना याची धास्ती असते. चाचांनी जॅक लावून चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं. हललं. बोटानं ट्रनिअनच्या तोंडाशी पुसलं: वाळून काळं पडलेलं ग्रीस. "डॉक्टरसाहेब माणसाला तेल लावायचे," ते म्हणाले, "गाडीला कोणीतरी मलम लावलं."

दुसरी चाचणी त्याहून सोपी आणि त्याहून महत्त्वाची. गाडी बंद. एकानं आत बसून क्लच दाबायचा-सोडायचा, दुसऱ्यानं इंजिनाच्या तोंडाशी पंख्याच्या पट्ट्याची पुली बघत राहायची. क्लच दाबला की क्रँकशाफ्टवर पुढच्या बाजूला जोर येतो. त्याला अडवायला आत अर्धगोल चकत्या असतात, आणि ट्रायम्फच्या या छोट्या इंजिनात त्या झिजून खाली तेलाच्या टाकीत पडतात हा ठरलेला रोग. चकत्या शाबूत असतील तर पुलीची हालचाल मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, डोळ्याला दिसतही नाही. दिसली तर क्रँक इंजिनाचा ब्लॉकच खात बसलाय असं समजायचं. मालकाच्या मुलानं आत बसून दहा-बारा वेळा क्लच दाबला. मी श्वास रोखून बघत होतो. पुली हलली नाही. त्या क्षणी मला गाडी घ्यावीशी वाटली, आणि त्याच क्षणी चाचांनी माझ्याकडं असं बघितलं की मी ताबडतोब चेहरा पाडला.

अकरा वर्षं उभी असलेली गाडी बॅटरी लावून लगेच सुरू करायची नसते. मालक उत्साहानं जंपर वायर घेऊन आला होता, त्याला थांबवलं. स्पार्क प्लग काढले, प्रत्येक भोकात चमचाभर तेल घातलं, तासभर चहा झाला, मग पुलीचा बोल्ट पान्यानं धरून इंजिन हातानं फिरवलं. फिरलं. नंतर बॅटरीवर कॉम्प्रेशन मोजलं: तीन सिलिंडर जवळजवळ सारखे, चौथा बराच कमी. असा फरक दहा टक्क्यांच्या आत असला तर मनावर घेऊ नये, जास्त असला तर परत थोडं तेल घालून मोजावं. आकडा वर चढला तर रिंगा गेल्या, तिथंच राहिला तर व्हॉल्व्ह. इथं चढला नाही. व्हॉल्व्ह. यामागंही एक गोष्ट आहे. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि त्याचा पातळ लेप व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवायचा. देशात ते पेट्रोल २००० साली बंद झालं. हवेसाठी उत्तमच झालं, पण साठच्या दशकातल्या इंजिनांना कडक बैठका बसवून घ्याव्या लागतात. आता तर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, आपल्याच उसाचं-मक्याचं. जुन्या रबरी नळ्या त्यानं मऊ पडतात, ते पाणी ओढून घेतं आणि उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. नळ्या आणि पंपाचा पडदा बदलायचा खर्च मी तिथंच लिहून टाकला.

गाडी चालू असती तर आणखी दोन गोष्टी बघितल्या असत्या. एक, पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात. गरम लागलं तर मालकानं आधीच सुरू करून ठेवलीय, म्हणजे थंडीतलं रडगाणं लपवायचंय. दोन, अर्धा तास पळवून आल्यावर रेडिएटरवर तळहात फिरवायचा. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या क्षारानं बंद. आणि वळणावर जोरात जायचं नाही, चाचणीतही नाही. हेराल्डचं मागचं चाक ज्या पद्धतीनं टांगलंय त्यात वेगात वळलं की ते पोटाखाली मुडपतं. स्पोर्ट्स कारच्या बहिणीला हे शोभत नाही, पण आहे.

आता कागद. इथं खरी गाठ बसली.

आरसीवर नाव वडिलांचं. डॉक्टरसाहेब जाऊन नऊ वर्षं झालेली. मालक म्हणाला, "मीच तर मुलगा आहे, सही मी करतो." गावात हे चालून जातं, आरटीओत नाही. गाडीचा नोंदणीकृत मालक वारला तर ती आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. बहिणी दोन, एक छत्रपती संभाजीनगरला, एक हैदराबादला. त्यानंतर मग विक्री: विकणाऱ्यानं फॉर्म २९, दोघांनी मिळून फॉर्म ३०. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत कळवायचं असतं. अनेकजण कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी दारात उभी करतात आणि वर्षानुवर्षं नाव बदलत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदीत आहे. म्हणजे हा प्रश्न घेणाऱ्याइतकाच विकणाऱ्याचाही.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी फिटनेस करून नूतनीकरण, वर पर्यावरण कर. इथं नूतनीकरण कधीचंच संपलेलं. दुसरा एक रस्ता २०२१ पासून आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. पण मग ती गाडी मेळावा, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यांपुरतीच रस्त्यावर आणायची. मला श्रावणी सोमवारी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायला गाडी हवी होती, त्यामुळं मी साध्या नोंदणीच्या बाजूचा. ज्यांना व्हिंटेज करायचीय त्यांनी "मूळ रूपात" हे दोन शब्द नीट वाचावेत. आपल्याकडं जुन्या गाडीत डिझेल इंजिन घालायची हौस फार होती. तशी गाडी या दारातून आत जात नाही, आणि इंजिन बदलल्याची आरसीत नोंद नसेल तर साध्या दारातूनही अडकते.

म्हणून नंबर जुळवणं. चाचांनी चेसिसच्या प्लेटवरचा चिखल रॉकेलनं पुसला, वर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासत गेले. पांढऱ्यावर राखाडी, राखाडीत पांढरे आकडे एकेक उमटत आले. आरटीओत असाच ठसा घेतात. आरसीशी ताडून बघितला, शेवटचा आकडा तीन की आठ यावर आम्ही तिघं पाच मिनिटं उन्हात उभे. आठच होता. इंजिन नंबरही जुळला. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून निघाला आणि एमएच-३८ त्यानंतरचं, पण ही गाडी त्याही आधीची, एमएच मालिकेच्याही आधीची. तिचा तो जुना तीन अक्षरांचा नंबर हा तिच्या किमतीचा एक भाग आहे आणि तो सांभाळावा.

तर किंमत. मालकानं चार लाख सांगितले. पुण्यात अशीच एक चार लाखांना गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. हा आकडा मी खोटा म्हणालो नाही. मी म्हणालो, बरोबर आहे, धावणाऱ्या, रंगलेल्या, कागद पूर्ण असलेल्या हेराल्डला तेवढे द्यावेत. मग घरी येऊन वही उघडली. तळ आणि चेसिसचे हात ६० हजार, इंजिन ७०, ब्रेक-टायर-वायरिंग ५०, रंग ६०, इंग्लंडचे भाग ४०. एकूण २ लाख ८० हजार. चारातून ते गेले की राहिले एक लाख वीस. हे माझ्या वहीतले आकडे, तुमचे वेगळे येतील, पण उलटं मोजायची ही रीत धरावी. तयार गाडीच्या भावातून सुरू करायचं आणि खर्च वजा करत गोठ्यापर्यंत यायचं. बहुतेक लोक गोठ्यातून सुरू करतात, "भंगारात किती येईल" इथून, आणि मालकाचा अपमान होतो. बैलबाजारात खोड जाहीरपणे सांगितलेली चालते, तिथं दोघंही धंद्याला आलेले असतात. आदत, दुसा, चौसा म्हणत सगळ्यांदेखत दात बघतात. पण घरातली वस्तू विकणाऱ्याला गिऱ्हाईक नको असतं, सांभाळणारा हवा असतो, आणि ही गोष्ट भाव करताना दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते.

दुसऱ्या फेरीला मी वही मालकाच्या हातात दिली. त्यानं शांतपणे वाचली. ओसरीवर तोवर सात-आठजण जमलेले. कोणी म्हणे तीन लाखांच्या खाली देऊ नका, कोणी म्हणे लोखंडाला काय कवटाळून बसायचं. मालक कोंडीत. माणसांसमोर एकदा तोंडातून आकडा गेला की मागं येता येत नाही. तेव्हा त्याचे चुलते उठले. तरुणपणी ते माळेगावच्या यात्रेत जनावरांचे सौदे करायचे, तिकडं लोहा तालुक्यात खंडोबाच्या त्या यात्रेत घोड्या-गाढवांपासून उंटापर्यंत सगळ्यांचे बाजार भरतात. काकांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, माझा उजवा हात हातात घेतला आणि दोघांच्या मनगटांवर उपरणं टाकलं. "दहाचा," एवढंच म्हणाले. म्हणजे एक बोट दहा हजारांचं.

ही पद्धत मी लांबून बघितली होती, हात कधी घातला नव्हता. काकांनी माझी पाचही बोटं तीनदा दाबली, मग तीन बोटं. अठरा. मी त्यांचा पंजा दोनदा दाबला, मग एक बोट. अकरा. ते हसले, जमलेल्यांना काहीच कळलं नाही. बोटांना तोंड नसतं, त्यामुळं कमी सांगितल्याची लाज नाही आणि मागं घेतल्याचीही नाही. दोन पंजे, पूर्ण पाच: पंधरा. मी दोन पंजे, दोन बोटं. बराच वेळ ते थांबले. हात गरम, खरखरीत, नांगरामुळं तळव्याला घट्टे. मग दोन पंजे, तीन बोटं, आणि करंगळीचं अर्धं पेर हळूच. साडेतेरा. एक लाख पस्तीस हजार. मी हात तसाच दाबून धरला, ते हो म्हणाले.

इसार म्हणून दहा हजार खात्यावर पाठवले आणि इसारपावती लिहिली: चेसिस नंबर, इंजिन नंबर, ठरलेली रक्कम, फॉर्म ३१ चं काम मालकाकडं, ते होईपर्यंत गाडी जागेवर, बहिणींची संमती न आल्यास इसार परत. मालकाची एकच अट होती. डॅशबोर्डाच्या खणात वडिलांचं एक जुनं स्टेथोस्कोप होतं, रबर चिकट झालेलं. ते तो काढून घेणार होता. मी पावतीत तेही लिहिलं.

हैदराबादच्या बहिणीची सही यायला उशीर लागला. चार महिन्यांनी ट्रॅक्टर आणि लोखंडी दांडा घेऊन आम्ही परत गेलो. मधल्या काळात मी दोनदा जाऊन ट्रनिअनमधलं ग्रीस काढून तेल घातलं होतं. चाकं हलायच्या आधी चाचांनी टायरांत हवा भरली, चारांपैकी तिनांत ती थांबली. गाडी गोठ्याबाहेर आली तेव्हा काळ्या मातीत चार खोल खळगे राहिले, प्रत्येकात थोडं पाणी. म्हातारी आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली, बॉनेट कुठून उघडतं हे तिला आठवत होतं, म्हणून तिनं कुंकू बरोबर त्या सांध्याच्या वर लावलं. कोंबडी रस्त्यापर्यंत मागं आली.